झोपेचे दिवस

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा आई शेडमध्ये होती आणि तिचे दोन्ही हात पाल्यात होते. गुरुवारची सकाळ. अळ्या आदल्या दिवशीच चौथ्या झोपेतून उठल्या होत्या, आणि चौथ्या झोपेतून उठलेली रेशमाची अळी म्हणजे नुसतं तोंड असतं. आठवडाभर ती तुतीचा पाला खाते आणि मग कोष विणायला बसते. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी आजारी पडत नसे, कुणी गावाला जात नसे. कोर्टानं आईला मंगळवारची तारीख दिली होती. मंगळवार म्हणजे बरोबर सातवा दिवस.

"काकूंना घेऊन उद्या या," वकीलबाई म्हणाल्या. "समोरच्यांनी एक कागद दाखल केलाय. फोनवर नको बोलायला."

आई रॅकवर फांद्या पसरत होती. मी तिच्या डाव्या बाजूला उभी राहून म्हणाले, "उद्या बोलावलंय."

"हो," आई म्हणाली. पुढच्या रॅककडे सरकली. फांद्या पसरून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "कुणाचा फोन होता?"

आई जाऊन आता सात महिने झाले. भेटायला येणारे सांगतात, फार कामाची बाई होती. खरंच होती. मला मात्र तिचा तो 'हो' जास्त आठवतो. ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला ती 'हो' म्हणायची. आमच्या घरात "काय?" असं परत विचारायची सोय नव्हती. वडिलांना दोनदा बोलावं लागलं की त्यांचा हात उठायचा. कान शाबूत होते तेव्हापासूनची ही सवय, आणि आता डावा कान गेलेला होता.

तो त्यांनीच घालवला होता, कोर्टाच्या त्या मंगळवारच्या आठ महिने आधी, एका थपडेत. तीन आठवड्यांनी मी घरी आले. त्याआधी दीड वर्ष आले नव्हते. मीच तक्रार लिहिली. कोर्टानं हुकूम काढला की वडिलांनी घराच्या आणि शेडच्या आवारात पाऊल ठेवायचं नाही. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला आत्याकडे राहायला गेले. शेडला लागून असलेला जमिनीचा तुकडा मात्र त्यांच्या नावावर होता आणि तिथं ते येऊ शकत होते. आईचा जबाब कागदावर दिलेला होता. मंगळवारी समोरचे वकील तिला त्यावर उलटे प्रश्न विचारणार होते. जबाब टिकला नाही तर हुकूम उठणार आणि वडील घरी परत येणार. मग पुन्हा त्या तीन खोल्या, आई आणि ते.

वकीलबाईंची खोली झेरॉक्सच्या दुकानावर होती. खालच्या यंत्राची धग फरशीतून वर यायची. त्यांनी आईला मधल्या खुर्चीवर बसवलं आणि एक कागद माझ्या हातात दिला. वडिलांचं प्रमाणपत्र होतं. रेशीम कार्यालयाचं पाच दिवसांचं निवासी प्रशिक्षण, तारीख आठ ते बारा. सोबत हजेरीचा तक्ता, सकाळ-संध्याकाळच्या सह्या, आणि एक फोटो. पुढच्या रांगेत वडील, हात गुडघ्यांवर, हसरे.

"आपल्या जबाबात मारहाणीची तारीख दहा आहे," वकीलबाई म्हणाल्या. "दहा तारखेला हे गृहस्थ दीडशे किलोमीटर लांब सही करत होते."

आईनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"हा शर्ट मी इस्त्री केला होता," ती म्हणाली.

"काकू, दहा तारखेला मारलं ना तुम्हाला?"

"दहाला? दहाला हे कुठं होते घरी? हे बाराला आले, संध्याकाळच्या गाडीनं. अळ्या झोपायला लागल्या होत्या. दोन दिवस झोप झाली, उठल्या, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी..."

"म्हणजे पंधरा. मग दहा कुठून आलं?"

"मी मोजलं," मी म्हणाले.

मीच मोजलं होतं. स्वयंपाकघरात बसून तक्रार लिहिताना आईला विचारलं होतं, कधी? ती म्हणाली होती, सतरावा दिवस होता. मी भिंतीवरचं अंड्यांचं कार्ड काढलं, अळ्या फुटल्याची तारीख बघितली, बोटांवर सतरा मोजले आणि दहा लिहिलं. पण अळी मोठी होईपर्यंत चारदा झोपते. झोपते म्हणजे खाणं सोडून, डोकं वर करून निश्चल बसते आणि कात टाकते. त्या दिवसांत पाला नाही, साफसफाई नाही, कामच नाही. आमच्याकडे ते दिवस मोजत नाहीत. चार झोपांचे मिळून पाच दिवस. चोवीस वर्षांची होईपर्यंत मी त्याच घरात तसंच मोजत आले होते.

"अगं, झोपेचे दिवस कोण धरतं?" आई म्हणाली. रागानं नाही. खरंच नवल वाटून.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "ठीक आहे. उलटतपासणी सुरू व्हायच्या आधी मी उभी राहून दुरुस्ती मागते. साहेब विचारतील, चूक कशी झाली. ते काकूंनी आपल्या तोंडानं सांगायचं. जसं झालं तसं."

"माझंच चुकलं म्हणते," आई लगेच म्हणाली.

"तेच म्हणायचं नाही. तुम्ही चुकलात म्हणालात की ते तिथंच धरतील. आज तारीख चुकली, उद्या माणूस चुकला, परवा तुम्ही रॅकवरून पडलात. ते पडल्याचंच सांगताहेत. मुलीनं मोजलं, मुलगी चुकली, एवढंच बोला."

"पोरीचं नाव कोर्टात कशाला? तिची नोकरी आहे."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देते-घेते. कोर्ट ती नोकरी कशाला काढून घेईल, असं मी म्हणाले. आईनं मान हलवली, पण ती मान्य केल्याची नव्हती.

मग सराव सुरू झाला. वकीलबाई खोलीत फिरत प्रश्न विचारत होत्या. उजवीकडून विचारलं की आई नीट उत्तर देई. त्या डावीकडे गेल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही रॅकवर चढला होतात, पाय घसरला, बरोबर?"

"हो," आई म्हणाली.

वकीलबाई फिरायच्या थांबल्या.

"काकू, मी काय विचारलं?"

आई माझ्याकडे बघायला लागली. शाळेत उभं केलेल्या मुलीसारखं तिचं तोंड झालं होतं.

"ऐकू नाही आलं, तर म्हणायचं, ऐकू आलं नाही, परत विचारा. म्हणाल ना?"

"हो," आई म्हणाली.

जिना उतरताना ती कठड्याला धरून एकेक पायरी बघत होती. अर्ध्यावर थांबून म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचतेस."

शनिवारी पाला दिवसातून चारदा लागत होता. पाला कापायला गावातली एक बाई यायची, तिला सगळे रेडिओ म्हणत, तीही त्या नावाला ओ देई. सकाळी तुतीच्या रांगेत शिरली की तिचं जे सुरू व्हायचं ते शेवटची मोळी बांधेपर्यंत. कुणाची म्हैस, कुणाचा जावई, कुणाच्या छातीत कळ. त्या पंधरा तारखेला ती शेडबाहेर पाला उतरवत होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं. मी एकदा विचारलं होतं, साक्ष देशील का?

"मला लहान लेकरं आहेत गं," ती म्हणाली होती. रेडिओ तेवढ्यापुरता बंद पडला होता.

पण सरावाला मात्र ती हौसेनं उभी राहिली. डोक्यावर काळं पोतं घेऊन दारात उभी राहिली आणि घसा खाकरून म्हणाली, "बाई, खरं सांगा, तुम्ही नवऱ्याच्या चहात मीठ घालत होता की नाही?"

"घालायला हवं होतं," आई म्हणाली. तिचे हात चालू होते. हात चालू असले की तिला बोलायला जमायचं.

"तुमच्या नवऱ्याला प्रमाणपत्र मिळालं, तुम्हाला का नाही मिळालं?"

"मी शेडमध्ये होते."

रेडिओ इतकी हसली की पोतं घसरलं. मीही हसले. खरं तर थप्पड याच प्रमाणपत्रावरून बसली होती. वडील प्रशिक्षणाचं पुस्तक घेऊन आले होते आणि चार माणसांत म्हणाले होते, दिवसातून तीनदाच पाला द्यायचा असतो, आमच्याकडे बायका उगाच चारदा देतात. आई म्हणाली, पुस्तकातल्या अळ्या जेवत असतील तीनदा. माणसं हसली, चहा पिऊन गेली. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत वडील थांबले होते.

रेडिओ आता रॅकच्या पलीकडून, आईच्या डावीकडून आली. हसू दाबून, हळू आवाजात म्हणाली, "तुमचा नवरा देवमाणूस आहे, कधी बोट लावलं नाही त्यानं तुम्हाला, हो की नाही?"

"हो," आई म्हणाली आणि फांदी उलटी करून पसरली.

रेडिओनं पोतं डोक्यावरून काढलं, घडी घातली, आणि पाला आणायला निघून गेली. मी आईच्या समोर जाऊन उभी राहिले. "आई, म्हण. ऐकू आलं नाही, परत विचारा."

"ऐकू आलं नाही, परत विचारा."

"मोठ्यानं."

"अळ्यांना त्रास होतो मोठ्यानं बोललं की," ती म्हणाली.

रविवारी दुपारी आत्या आली. फाटकातून आत येताना तिनं चपला काढून हातात घेतल्या, जणू चिखल होता. दारातल्या बाकावर बसली, पाणी मागितलं, निम्मं प्यायली.

"वहिनी, मी काही निरोप घेऊन आले नाही. आपल्या मनानं आले."

"बसा ना," आई म्हणाली.

"भाऊ जेवत नाही धड. म्हणतो, माझ्या घरी मला शिरायला कागद लागतो." मग माझ्याकडे वळून, "काय गं, शिकलीस आणि असे पांग फेडतेस होय बापाचे? उद्या तुला कोण करून घेईल याचा विचार केलास?"

"आत्या, मी छत्तीस वर्षांची आहे."

"तेच म्हणते मी."

आई खाली बघून हाताला चिकटलेला पाल्याचा चीक खरवडत होती. आत्या उठली. फाटकापर्यंत गेली, थांबली, हवेत बघितलं.

"उद्या फवारणी करायची म्हणतोय भाजीवर. कीड फार पडलीय म्हणे. मी म्हटलं, अरे शेजारी वहिनीच्या अळ्या आहेत. तर म्हणाला, माझं शेत आहे." तिनं चपला पायात घातल्या. "वारा तुमच्याच बाजूचा आहे हल्ली, नाही?"

औषधाचा नुसता वास पाल्यावर बसला तरी अळ्या मरतात. एका दुपारी सगळी शेड. आईला ते सांगायला नको होतं आणि आत्यालाही. आत्या वळणाआड जाईपर्यंत आई बाकाला धरून उभी होती. मग म्हणाली, "पोती भिजव. सगळी."

त्या दिवशी आम्ही शेडच्या प्रत्येक खिडकीवर ओली पोती टांगली. बाहेरच्या रांगांचा होईल तेवढा पाला कापून आत आणला, ओल्या कापडाखाली रचला. आई मध्येच थांबायची आणि उजवा कान बाहेरच्या बाजूला करायची.

पंपाचा आवाज सोमवारी चारच्या सुमाराला आला. मी पोत्याची कड बोटभर सरकवून बघितलं. वडील पाठीवर पंप घेऊन बांधावर उभे होते. तोंडाला रुमाल बांधलेला. भाजीच्या वाफ्यांकडे त्यांची पाठ होती. ते बांधाच्या कडेनं सावकाश चालत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नळी आमच्या तुतीच्या बाजूला धरून. टोकाला गेले की वळायचे. घाई अजिबात नव्हती. एकदा त्यांनी शेडकडे बघितलं आणि हात वर करून कपाळावरचा घाम पुसला.

"सरक," आई म्हणाली. मी सरकले. तिनं फटीला डोळा लावला. मी बादलीतून मग भरभरून पोत्यांवर पाणी मारत राहिले. वीस मिनिटं असतील. पंप बंद झाला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, दूर गेला.

आई बाहेर पडली ती सरळ बांधाकडे. पहिल्या रांगेतली ओली पानं तिनं तोडली, हुंगली, पुन्हा हुंगली. आत आणून चाळणीत ठेवली. मग रॅकवरून पाच अळ्या उचलल्या. कुठल्या घ्यायच्या याला तिला वेळ लागला. त्या चाळणीत सोडून ती चाळणीसमोर खाली बसली.

औषध लागलेली अळी डोकं वर करते, इकडेतिकडे झुलवते, हिरवं ओकते आणि आखडते. अर्ध्या तासात कळतं. आम्ही दोघी तिथं बसून होतो. अळ्या पानाच्या कडेवर चढल्या, खायला लागल्या. एक पान संपलं, दुसरं संपलं. तासाभरानं आईनं एक अळी तळहातावर घेतली आणि ती हातावर चालू लागली.

"पाणी मारलं," आई म्हणाली. "नुसतं पाणी."

मला आनंद व्हायला हवा होता. "उद्या कोर्टात सांगू या हे."

"काय सांगशील? नवऱ्यानं आपल्या शेतात पाणी मारलं?"

ती उठली तेव्हा तिचे कपडे कमरेखाली ओले होते. पोत्यांचं पाणी असेल असं मी आधी धरलं, पण पाणी मारत होते मी, आणि बादली सगळा वेळ माझ्या बाजूला होती. आई न्हाणीघरात गेली. आतून पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आल्यावर तिनं केस घट्ट बांधले होते आणि ती म्हणाली, "उद्या मी माझंच चुकलं म्हणून सांगते. मिटवू या. तुझं नाव आलं की ते तुझ्या मागं लागतील. इथं पाणी मारलं, तिथं काय करतील?"

"तसं म्हणालीस तर ते परत घरी येतील."

"येतील," आई म्हणाली. "कळतं मला." आणि संध्याकाळचा पाला द्यायला गेली.

मंगळवारी पहाटे पहिल्या अळ्यांनी पाला सोडला. अंगं पिवळसर, आरपार दिसायला लागली. त्या माना वर करून आधार शोधत होत्या. आता त्यांना एकेक वेचून बांबूच्या चटयांवर सोडायचं असतं, तिथं त्या कोष विणतात. उशीर झाला की पाल्यातच विणतात आणि कोष वाया जातात. आईनं रेडिओला सगळं दोनदा सांगितलं.

"जा तुम्ही," रेडिओ म्हणाली. "मी एकसुद्धा राहू देणार नाही." आईची बाही धरून तिनं ओढली, काही बोलायचं होतं असं वाटलं, पण ती चटया मांडायला वळली.

कोर्टाच्या व्हरांड्यात वडील आधीच आलेले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मला बघून दोन पावलं पुढे आले.

"वाळलीस गं," ते म्हणाले. "वेळेवर जेवतेस ना?"

माझ्या तोंडून "हो" गेला.

मग ते आईकडे वळले. तिच्या पायांकडे बघितलं. पायावर चुन्याचे पांढरे डाग होते, सकाळी रॅकवर चुना मारला होता. तिनं एक पाऊल दुसऱ्यामागे लपवलं.

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. साक्षीदारानं उभं राहायला तिन्ही बाजूंनी लाकडी कठडा, तोंड न्यायाधीशांकडे. खाली टंकलेखक बाई. मागे बाकांच्या रांगा, पहिल्या रांगेत वडील, दुसऱ्या टोकाला मी. आणि समोरचे वकील जिथं उभे राहिले ती आईची डावी बाजू होती. सरावात आम्ही खुर्ची ठेवली होती, वकीलबाई फिरत होत्या. माणूस एकाच जागी उभा राहील हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं.

वकीलबाईंनी दुरुस्ती मागितली. न्यायाधीशांनी कागद उलटला. "दहाऐवजी पंधरा? चूक कशी झाली? बाई, तुम्ही सांगा."

हे समोरून आलं होतं, तिला ऐकू आलं. तिनं कठडा धरला. कठडा सैल होता, वाजायला लागला.

"साहेब, माझं..." ती म्हणाली. "माझंच चुकलं असेल."

वकीलबाईंनी डोळे मिटले. समोरचे वकील किंचित हसले. त्यांचा आवाज मऊ होता. ओरडणारे असते तर बरं झालं असतं. "आपल्या चुका होतात हे बाई स्वतःच मान्य करताहेत," ते न्यायाधीशांना म्हणाले, आणि मग आणखी हळू, आईला, "त्या दिवशी तुम्ही रॅकवरून पडलात. कान त्यात गेला. नवऱ्यावर राग होता म्हणून त्याचं नाव घेतलंत. असंच ना?"

आईची हनुवटी खाली यायला लागली. ती हनुवटी मी लहानपणापासून ओळखते. टंकलेखक बाईंची बोटं कळांवर येऊन थांबली होती. ती आईच्या एका शब्दासाठी थांबली होती, आणि आईनं ती बोटं बघितली.

तिची हनुवटी थांबली. मग ती पूर्ण वळली. उजवा कान वकिलांकडे करायचा तर तिला न्यायाधीशांकडे पाठ करावी लागत होती, आणि पाठ केली की तोंड सरळ पहिल्या बाकाकडे येत होतं. वडील तिच्यापासून आठ-दहा फुटांवर होते.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "परत विचारा."

"बाई, कोर्टाकडे तोंड करा," न्यायाधीश म्हणाले.

"साहेब, हे त्या बाजूनं बोलतात. तो कान गेलाय. असं उभं राहिलं तरच कळतं मला."

"केव्हा गेला?"

"पंधरा तारखेला."

"आणि दहा?"

"दहा पोरीनं लिहिलं." तिचा आवाज फाटत होता, पण थांबत नव्हता. "मी सतरावा दिवस सांगितला होता. आम्ही अळ्यांचे झोपेचे दिवस धरत नाही. तिनं धरले. तिला माहीत होतं, पण ती बारा वर्षं घराबाहेर आहे. ती चुकली. मी नाही चुकले."

खोलीतल्या दोघा-तिघांनी माझ्याकडे वळून बघितलं. आईनं उभ्या आयुष्यात दोष दुसऱ्याच्या नावावर टाकल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तो माझा होता आणि खरा होता. मला खाली बघावंसं वाटलं, पण मी बघितलं नाही.

न्यायाधीश सांगत गेले, टंकलेखक बाई लिहीत गेल्या. "झोपेचे दिवस?" बाईंनी मध्येच विचारलं. "तसंच लिहा," न्यायाधीश म्हणाले. "आणि साक्षीदाराला हवं तसं उभं राहू द्या."

दीड महिन्यानं हुकूम कायम झाल्याचा कागद आला. पुढचे चौदा महिने आई त्या घरात एकटी राहिली. पण त्या खोलीत तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. वडिलांनी गुडघ्यावरचा हात उचलला आणि तळहात सावकाश खाली दाबला, जेवणाच्या वेळी दाबायचे तसा. पुरे. न्यायाधीशांना तो दिसला नसेल. आईला दिसला. तिच्या हातांखाली कठडा जोरात वाजू लागला.

समोरच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी मोठ्यानं.

"ऐकू आलं," आई वडिलांकडे बघत म्हणाली. "सांगते."